गल्ला कधी फोडायचा?

श्रोतेहो, नमस्कार.

मोबाइलच्या पडद्याचं डिझाइन करणं हे माझं रोजचं काम. आज एकाच ॲपची हकिगत सांगते. ते होतं एका सहकारी पतसंस्थेचं. त्यासाठी मी मातीचा गल्ला काढला होता. ॲप उघडलं की गल्ला फुटायचा, नाणी घरंगळत खाली यायची आणि मग शिल्लक दिसायची. तीन सेकंदांचं चित्र, पण आठ दिवस त्यावर बसले होते. खाली फिक्या राखाडी रंगात नाजूक अक्षरं. संचालक मंडळ खूश झालं.

मग आम्ही ते भाजीबाजारात नेलं. दुपारी बाराचं ऊन. कोथिंबिरीच्या जुड्या बांधणाऱ्या एका मावशींच्या हातात फोन दिला. गल्ला फुटतोय तोवर गिऱ्हाईक आलं आणि फोन पोत्यावर गेला. नंतर मावशींनी तो उचलला, तळहाताची सावली धरली, डोळे बारीक केले आणि विचारलं, "ताई, इथं काही लिवलंय का?"

पांढऱ्यावर काळं अक्षर असेल, तर दोन्हींतल्या उजेडाचं प्रमाण २१ ला १ असतं. वेबच्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे नेहमीच्या आकाराच्या मजकुराला ते निदान साडेचारला एक हवं. माझा राखाडी रंग तिनाच्याही आत होता. ऑफिसातल्या पडद्यावर तो किती सुरेख दिसायचा!

दुसरी चूक मला जास्त लागली. 'मुदतपूर्ती' हा शब्द डोळ्यांपुढे आणा. 'पू'चा ऊकार खाली, 'र्ती'चा रफार आणि वेलांटी वर. मी ओळीची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापानं ठरवली होती, त्यामुळे रफारच कापला गेला. मराठी माणसाच्या ठेवीवर 'मुदतपूती'! मग मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षरं घडवणाऱ्या संस्थेनं केलेला, मोफत मिळणारा 'मुक्ता' फाँट घेतला आणि ओळी मोकळ्या केल्या. पडद्यावर मजकूर कमी मावू लागला, म्हणून निम्मी वाक्यं काढली. खरं डिझाइन मी तिथं केलं, असं मला वाटतं.

संस्थेची गरजही रास्त होती. नुसती शिल्लक विचारायला येणाऱ्यांनी काउंटरवर रांग लागायची, ती कमी व्हायला हवी होती. आणि विमाही विकायचा होता. सूचना आली, "कर्जाच्या अर्जात विम्याच्या चौकटीत आधीच टिक करून ठेवा." याला मी नकार दिला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी काढली आहे. ग्राहकाला न विचारता त्याच्या बिलात वस्तू किंवा सेवा घुसडणं त्यात आहे. ती यादी बैठकीत वाचून दाखवली. नुसता नकार देऊन मात्र भागत नाही. विम्यासाठी वेगळा पडदा केला: वर्षाचा हप्ता किती, मिळणार काय, हे ठळक अक्षरांत, आणि 'हवा', 'नको' ही दोन्ही बटणं सारख्याच आकाराची. माझे सगळ्यात आवडते रंग मी तिथं वापरले.

गल्ला मी टाकून दिलेला नाही. आता ॲप उघडताच शिल्लक दिसते. गल्ला फुटतो तो आवर्त ठेवीची मुदत भरते त्या दिवशी, एकदाच. मावशींच्या ठेवीचे अजून चार हप्ते राहिलेत.