तर्री गरम ठेवायचा खर्च

नवतपा सुरू आहे, दुपारचे दोन वाजलेत, आणि आवाज नीट यावा म्हणून मी कुलर बंद करून बसलोय. नागपूरकराला यापुढे काही सांगायची गरज नाही.

स्क्रीनवर हे जे धुराडं दिसतंय ते कोराडीचं, आमच्या गच्चीवरून झूम करून घेतलंय. इथे कोळसा जळतो, वीज राज्याच्या ग्रीडमध्ये जाते, आणि तिकडे नवी मुंबईत ऐरोलीकडे डेटा सेंटरच्या, म्हणजे इंटरनेटचे हजारो कॉम्प्युटर ठेवलेल्या बिल्डिंगी उभ्या आहेत त्यांना चोवीस तास वीज लागते, एक सेकंद लाइन गेलेली चालत नाही. ही वीज कमी कशी लागेल यावर ज्याने डोकं लावलं त्या माणसाची गोष्ट सांगायची आहे. नागपूरशी त्याचा काहीच संबंध नाही, पण त्याने जे पकडलं ते मला इथल्याच एका ठेल्यावर उभं राहून समजलं, म्हणून सांगतोय.

लुईझ आंद्रे बारोसो. ब्राझीलचा, रिओचा. तिथेच इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग केलं, मग अमेरिकेत लॉस एंजेलिसला पीएचडी, मग डिजिटल इक्विपमेंट नावाच्या जुन्या मोठ्या कंपनीच्या रिसर्च लॅबमध्ये नोकरी. ती कंपनी १९९८ मध्ये कॉम्पॅकने घेतली. तिथे त्याची टीम पिरान्हा नावाची चिप डिझाइन करत होती, एकाच चिपवर आठ साधे कोर (कोर म्हणजे चिपमधला हिशेब करणारा भाग), म्हणजे एकच पहिलवान पोसण्यापेक्षा आठ साधे गडी कामाला लावा. आज तुमच्या मोबाइलमध्ये आठ कोर असतात पण ही गोष्ट २००० ची आहे. आणि ती चिप बाजारात आलीच नाही! ज्या अल्फा प्रोसेसरवर ती उभी होती तोच कॉम्पॅकने गुंडाळायला घेतला. इतक्या वर्षांची मेहनत फाइलमध्ये.

दुसरा कोणी असता तर दुसऱ्या चिप कंपनीत गेला असता. हा २००१ मध्ये गूगलमध्ये गेला आणि तेही सॉफ्टवेअर इंजिनीअर म्हणून. हार्डवेअरवाल्याचं तिथे काय काम, असं तेव्हा कोणालाही वाटलं असतं. पण गूगल तेव्हा महागडे सर्व्हर न घेता साध्या पीसीसारख्या स्वस्त मशीनींची रांगच्या रांग लावत होतं, २००३ च्या त्यांच्या पेपरमध्ये १५,००० हून जास्त मशीनींचा उल्लेख आहे, बारोसो त्या पेपरचा एक लेखक. आणि एवढ्या मशीनी एका जागी आल्या की पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा नसतो, विजेचा असतो. २००५ मध्ये त्याने लिहूनच टाकलं की असंच चालू राहिलं तर मशीनच्या किमतीपेक्षा तिचं विजेचं बिल जास्त होईल.

आता त्या काळात डेटा सेंटरची वीज म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात एसी यायचा, आणि ते चूकही नव्हतं. एक आकडा असतो, पीयूई. बिल्डिंगने एकूण किती वीज घेतली भागिले कॉम्प्युटरपर्यंत किती पोचली. अमेरिकन सरकारच्या २००७ च्या रिपोर्टमध्ये हा आकडा साधारण २ धरला होता, म्हणजे कॉम्प्युटरला एक युनिट तर एसी, यूपीएस, वायरिंग मिळून आणखी एक युनिट. गूगलचा आज १.१ च्या आसपास आहे. त्यातल्या युक्त्या बघितल्या की गंमत वाटते. बऱ्याच ठिकाणी पाणी उडवून, त्याच्या वाफेने गारवा करतात, म्हणजे आपला कुलरच की बाप्पा! ताट्या, पंप, टाकी, फक्त साइज वेगळी. आणि अडचणही तीच, मे महिन्यात भारी चालतो, पाऊस पडला की नुसती चिकचिक, शिवाय पाणी पितो ते वेगळंच. दुसरी युक्ती बॅटरीची. २००९ मध्ये गूगलने पहिल्यांदा आपला सर्व्हर लोकांना दाखवला तेव्हा प्रत्येक मशीनला स्वतःची छोटी १२ व्होल्टची बॅटरी होती. मोठ्या यूपीएसमध्ये वीज आधी एसी करंटची डीसी करंट आणि परत डीसीची एसी होते (हा एसी म्हणजे करंटचा प्रकार, गारवा करणारा नाही), दोन्ही वेळा थोडी वाया जाते, ती ह्यात वाचते. घरी इन्व्हर्टर असलेल्यांना हे लगेच कळेल.

पण बारोसोची खरी गोष्ट इथे नाही. सगळे एसीकडे बघत असताना तो मशीनकडे बघत बसला, मशीन दिवसभर करते तरी काय.

आता कस्तुरचंद पार्कजवळचा तर्री पोह्यांचा ठेला डोळ्यासमोर आणा. सकाळी आठला गर्दी, अकराला एखादं गिऱ्हाईक, मध्येच पाच मिनिटं कोणीच नाही. पण तर्रीच्या भगोण्याखालचा गॅस? तो चालूच. बंद कसा करणार, कोणी कधीही येऊ शकतं आणि आलं की तर्री गरमच पाहिजे. म्हणजे एक प्लेट विका की शंभर, गॅस काही शंभर पटीने कमी-जास्त होत नाही.

सर्व्हरचं हुबेहूब हेच. २००७ च्या डिसेंबरमध्ये बारोसो आणि त्याचा गूगलमधला सहकारी उर्स होल्झले यांचा पेपर आला. त्यांनी ५,००० हून जास्त सर्व्हर सहा महिने मोजले होते आणि बहुतेक वेळ ते १० ते ५० टक्के कामावरच चालत होते, ना पूर्ण रिकामे ना पूर्ण बिझी. आणि चांगल्यातला चांगला सर्व्हरसुद्धा काहीच काम नसताना फुल पॉवरच्या जवळजवळ निम्मी वीज खातो. तुम्ही म्हणाल मग लॅपटॉपसारखं झोपवा ना त्याला, काहून जागं ठेवता? तर तेच जमत नाही, कारण डेटा आणि काम हजारो मशीनींत वाटलेलं असतं, प्रत्येकीकडे थोडं थोडं काम सतत येत राहतं, झोपायला सलग वेळच मिळत नाही. ठेल्यावर दर दोन मिनिटांनी एक गिऱ्हाईक, तसं.

मग त्यांनी मागणी केली की जेवढं काम तेवढीच वीज, अशा मशीनी बनवा. ऐकायला एकदम सोपं, पण प्रोसेसर थोडाफार तसा वागायचा, मेमरी आणि डिस्क मात्र त्याहून बरंच कमी. पेपरमध्ये उदाहरण माणसाचं दिलंय, जे मला फार आवडतं. माणूस नुसता बसलेला असताना ७० वॉटवर भागतो आणि जोर लावला तर काही मिनिटं एक किलोवॉटच्या वर जातो. म्हणजे निसर्गाला जमतं, तुम्हाला का नाही?

कंपन्यांना ते ऐकावं लागलं. रिकामं असतानाची वीज हळूहळू कमी होत गेली. २०२० मध्ये सायन्स मासिकात एक अभ्यास आला, त्यात जगभरातल्या डेटा सेंटरचं काम २०१० ते २०१८ मध्ये साडेपाचशे टक्के वाढलं आणि वीज फक्त ६ टक्के. श्रेय एकट्याचं नाही, क्लाउड, चांगल्या डिस्क, कूलिंग, सगळंच आलं त्यात. आणि आता एआयमुळे तो हिशेब परत बिघडलाय, २०२४ मध्ये जगातली साधारण दीड टक्का वीज डेटा सेंटरने खाल्ली असं आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था म्हणते.

बारोसो पुढे गूगल मॅप्सच्या इंजिनीअरिंगचा प्रमुख झाला, म्हणजे महालच्या बोळात तुम्ही रस्ता शोधता त्यातही ह्याचा हात. २०२० मध्ये कॉम्प्युटर आर्किटेक्चरमधला एकर्ट-मॉचली पुरस्कार मिळाला. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये गेला, साठीसुद्धा गाठली नाही. होल्झलेसोबत २००९ मध्ये लिहिलेलं त्याचं पुस्तक, ज्यात अख्खी बिल्डिंगच एक कॉम्प्युटर समजा असं म्हटलंय, त्याच्या २०१८ च्या आवृत्तीत आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले पार्थसारथी रंगनाथन हेही लेखक आहेत. शिकायचं असेल तर तिथून सुरू करा.

बस, थांबतो. एरवी खोलीत कोणी नसताना कुलर चालू दिसला की ओरडणारी आई आत्ता दोनदा डोकावून गेली, कुलर काहून बंद आहे म्हणून.