भंगारात वायर विकताय? आधी तांब्याचा उतारा काढा

नमस्कार. (वायरचा तुकडा कॅमेऱ्यासमोर धरून) ही वायर काट्यावर चढते तेव्हा तांबं आणि प्लास्टिक एकत्र तोललं जातं. घेणारा पैसे देतो ते आतल्या तांब्याचे. उसाचा जसा साखर उतारा काढतात, तसा वायरचा तांब्याचा उतारा असतो, म्हणजे एकूण वजनात शेकडा किती तांबं. अनुभवी भंगारवाला वायर नुसती हातात घेऊन तो सांगतो. तुम्हाला माहीत नसेल, तर भाव तो म्हणेल तो.

म्हणून विकायला निघण्याआधी घरीच उतारा काढा. एका जातीची 5 मीटर वायर कापा. एकच मीटर घेऊ नका, स्वयंपाकघरातल्या काट्यावर एका ग्रॅमची चूकही तिथे तीन टक्के होते. आधी सगळी मोजा, मग सोलून नुसतं तांबं मोजा. समजा घरगुती वायरिंगची 2.5 चौरस मिलिमीटरची एकेरी वायर आहे. आवरणासकट 160 ग्रॅम भरली, तांबं निघालं 110 ग्रॅम. 110 भागिले 160, म्हणजे उतारा साधारण 69 टक्के.

हे बरोबर आहे का, याचा पडताळा सोपा आहे. एक चौरस मिलिमीटर छेदाची, म्हणजे कापलेल्या तोंडाचं क्षेत्रफळ तेवढं असलेली, तांब्याची तार मीटरला जवळजवळ 9 ग्रॅम भरते. 2.5 गुणिले 9 गुणिले 5, म्हणजे 112 ग्रॅम. आपले 110 आले, ठीक. पण तेच 40 ग्रॅमच्या आसपास आले तर? तर ते तांबं नाहीच. आत ॲल्युमिनियम आहे, वरून तांब्याचा पातळ मुलामा. स्वस्त नेटवर्क केबलमध्ये आणि स्पीकरच्या वायरमध्ये हा माल बराच सापडतो.

इथे एक गंमत आहे. (दोन तारा शेजारी धरून) ही लाल दिसते, ही पांढरी. ब्लेडने खरवडा. लाल तार खरवडल्यावर पांढरी निघाली, तर ती मुलाम्याची. पांढरी तार खरवडल्यावर लाल निघाली, तर ते कल्हई केलेलं तांबं, ते फेकू नका. त्याला चकचकीत तांब्याइतका भाव मिळत नाही, पण ॲल्युमिनियम समजून देऊन टाकलं तर मोठं नुकसान. लोहचुंबकही फिरवा. तार चिकटली तर आत पोलाद आहे.

आता ढीग करा. जाड एकेरी वायर वेगळी, मल्टीस्ट्रँड म्हणजे बारीक तारांच्या झुपक्याची वेगळी, नेटवर्क आणि टेलिफोनची वेगळी, सजावटीच्या दिव्यांच्या माळा अगदी वेगळ्या. नेटवर्क केबलचा उतारा निम्म्याच्या आसपास येतो, माळांचा त्याहून खूपच कमी. सगळं एका पोत्यात गेलं की भाव लागतो तो सगळ्यात हलक्या मालाचा. प्लग, सॉकेट कापून टाका. आर्मर्ड केबलवरच्या पोलादी तारा उतरवा, त्या असताना उतारा कोसळतो.

घासाघीस कशी करायची? नुसतं "वायरला काय देता" असं विचारू नका. दोन भाव विचारा: सोललेल्या तांब्याचा आणि या वायरचा. समजा सोललेल्याला 100, वायरला 52. म्हणजे तो तुम्हाला 52 टक्के उताऱ्याचे पैसे देतोय आणि तुमचा आहे 69. मधले 17 त्याची सोलाई, वाहतूक आणि नफा. 20 किलो वायर असेल, तर 3 किलो 400 ग्रॅम तांब्याचे पैसे तिकडे गेले. त्याने काहीच ठेवू नये, असं म्हणणं चुकीचं आहे. पण 17 जास्त वाटले तर दुसरीकडे विचारा, नाहीतर स्वतः सोला.

सोलायचं का, हे जाडीवर ठरतं. जाड एकेरी वायर पटापट सोलली जाते, आणि स्वच्छ, चकचकीत, जाड तारेला वरचा दर्जा मिळतो. केसासारखे बारीक धागे सोलूनही खालच्याच दर्जात जातात, तिथे वेळ घालवू नका. हिशेब करताना तुमच्या तारेला लागू असलेला भावच धरा. थंडीत पीव्हीसी, म्हणजे आवरणाचं प्लास्टिक, कडक होतं, त्यामुळे गुंडाळी तासभर उन्हात ठेवा, आवरण सहज सुटतं. पातं अंगाबाहेरच्या दिशेने चालवा.

जाळायचं मात्र बिलकूल नाही. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिनसारखे विषारी पदार्थ निघतात. शिवाय तार काळी पडते, ठिसूळ होते आणि दर्जा उतरतो. धूर पिऊन कमी पैसे, असला हा व्यवहार.

शेवटी काटा. माल निघण्याआधी प्रत्येक पोतं घरी मोजून त्यावर वजन लिहा. तिथे रिकाम्या काट्यावर शून्य दिसलं पाहिजे, ते स्वतः बघा. बारदान वजा व्हायलाच हवं, पण रिकाम्या पोत्याच्या खऱ्या वजनाइतकंच. 300 ग्रॅमच्या पोत्यामागे "एक किलो कापतो" म्हणाले, तर पोतं तिथेच रिकामं करून काट्यावर ठेवायला सांगा. आणि पावतीवर प्रत्येक ढिगाचं वजन व भाव वेगवेगळा लिहून घ्या.