दर्शनी भिंत पोट का काढते

मंडळी, लंडनच्या बेडफर्ड स्क्वेअरची घरं १७७५ ते १७८३ या काळात उभी राहिली. चौकाच्या एकेका बाजूची सगळी घरं मिळून एकच राजवाडा वाटावा, अशी त्यांची रचना. त्या काळच्या अशा घरांचं देखणं विटकाम आतून कसं आहे, ते आज पाहायचं आहे.

शेजाऱ्याशी सामाईक असलेल्या भिंती भक्कम असतात, धुराडीही त्यांच्यातच. दर्शनी भिंत मात्र खिडक्यांनी पोखरलेली, वरच्या मजल्यांवर कित्येकदा जेमतेम एक वीट, म्हणजे नऊ इंच जाड. बाहेरून एक वीट लांबीने, पुढची रुंदीने, अशी ओळ दिसते. रुंदीने दिसणारी वीट आतपर्यंत जाऊन भिंतीचा बाहेरचा आणि आतला पदर बांधत असेल, असं वाटतं. पुष्कळदा ती अर्धी तोडलेली असते! दर्शनी विटा महाग, त्यांचे सांधे बारीक; आतल्या विटा स्वस्त, सांधे जाड. आतल्या-बाहेरच्या ओळींची उंची जुळत नाही, म्हणून जिथे जुळेल तिथेच अखंड वीट आत जाते. आतला जाड चुना जास्त दबतो, आतली बाजू खाली बसते आणि बाहेरचं साडेचार इंचांचं कवच सुटून पोट काढतं. आत आडवी घातलेली लाकडं कुजली, की हे आणखी वाढतं.

१७०९च्या कायद्याने आगीच्या भीतीपोटी लंडनमध्ये खिडकीची चौकट चार इंच आत घ्यायला लावली, १७७४च्या कायद्याने तिची पेटी, म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या तावदानांची वजनं ज्यात लटकतात ते लाकडी खोकं, विटकामामागे लपवली. दिसायला खिडकी नाजूक झाली, पण तिच्या दोन्ही अंगांची तेवढी वीट लाकडाला गेली.

पोट दिसलं म्हणून भिंत उतरवू नका. ओळंबा सोडून प्रत्येक मजल्यावर माप घ्या. सामाईक भिंतीला दर्शनी भिंत मिळते त्या कोपऱ्यातली फट नवी आहे की जुन्या रंगाने भरलेली, ते बघा. तुळया दर्शनी भिंतीला समांतर असतील, तर मजला तिला धरत नाही. तिथे स्टेनलेस स्टीलची पट्टी दोन-तीन तुळयांवरून नेऊन भिंतीत अडकवावी लागते. कठड्यामागची पन्हळ आधी साफ करा. ती तुंबली, की पाणी थेट भिंतीच्या माथ्यात उतरतं.

दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, सिमेंटने भरणं ही माझ्या मते या घरांवरची सर्वांत वाईट दुरुस्ती. भिंतीतला ओलावा सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, तो विटेतून पडतो, आणि थंडीत गोठून विटेचा पापुद्रा उडवतो. सांधा हातानेच खरवडा. ग्राइंडरने विटांच्या कडा जातात. खरवडण्याची खोली सांध्याच्या रुंदीच्या निदान दुप्पट हवी. धुऊन, ओलसर असतानाच एक भाग चुना आणि तीन भाग चाळलेली रेती दाबून भरा. नंतर ओलं गोणपाट लावा. हवा पाच अंशांच्या खाली जाणार असेल, तर त्या दिवशी काम धरूच नका.