फ्यूजन: नेमके काय वितळते?

श्रोतेहो, नमस्कार.

परवा छत्रपती संभाजीनगरातल्या एका दुकानात हिमरूची शाल दाखवताना विक्रेता म्हणाला, “साहेब, हे आपलं जुनं फ्यूजन, सुताचं आणि रेशमाचं.” शाल देखणी होती, पण तो शब्द डोक्यात घोळत राहिला. तबल्याशेजारी गिटार आली की फ्यूजन, पुरणपोळीवर आइस्क्रीम आले की फ्यूजन, असा हल्ली त्याचा सढळ वापर चालतो. शब्द मुळात लॅटिन क्रियापदावरून आला असून त्या क्रियापदाचा अर्थ ओतणे, वितळवणे असा आहे. म्हणजे आपला ओतारी मुशीत पितळ वितळवून साच्यात ओततो, तेच काम. म्हणूनच भौतिकशास्त्रात बर्फ वितळणे हेही फ्यूजनच, आणि एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते.

याच घराण्यातला फ्यूज मराठवाड्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे. विजेचा भार वाढला की डीपीतली बारीक तार वितळते, प्रवाह तुटतो आणि रोहित्र वाचते. रब्बीत पाणी देण्याच्या घाईत कोणी तिथे जाड तार पिळून बसवली, की ती वितळत नाही आणि जळते ते रोहित्र. मग हरभरा वाळत असताना सगळे गाव नव्या रोहित्राची वाट पाहत बसते.

अणुविज्ञानातल्या फ्यूजनला मराठी पुस्तके संमीलन म्हणतात. सूर्याच्या गाभ्यात, सुमारे दीड कोटी अंश सेल्सिअस तापमानाला, हायड्रोजनच्या चार केंद्रकांपासून टप्प्याटप्प्याने हेलियमचे एक केंद्रक तयार होते आणि त्याचे वस्तुमान मूळ चौघांच्या बेरजेपेक्षा सुमारे ०.७ टक्के कमी भरते. ही घटच ऊर्जा होऊन बाहेर पडते. अशा रीतीने सूर्य दर सेकंदाला सुमारे ४० लाख टनांनी हलका होतो, आणि त्यातला आपला वाटा परभणीकरांना वैशाखात चांगलाच जाणवतो.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणारी लायगो-इंडिया वेधशाळा ज्या घटनांचा वेध घेणार आहे, त्यांतही असेच काही घटते. अमेरिकेतल्या अशाच वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपलेल्या घटनेत सुमारे ३६ आणि २९ सूर्यांच्या वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एक झाली आणि ६२ सूर्यांचे एक कृष्णविवर उरले. तीन सूर्यांइतके वस्तुमान गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाशाच्याच पटात उठणाऱ्या तरंगांच्या, रूपाने निघून गेले. याला मात्र फ्यूजन नव्हे, विलीनीकरण म्हणतात, आणि तो शब्द मराठवाड्याला १९४८ पासून सवयीचा आहे.

आता ती शाल. हिमरूचा उभा धागा सुती आणि नक्षीचा आडवा धागा रेशमी असतो. तिच्यात काही वितळलेले नाही, काही घटलेलेही नाही. म्हणून माझ्या मते ते फ्यूजन नव्हे, ती वीण आहे. विक्रेत्याशी वाद न घालता मी शाल घेतली. घरी आल्यावर उलटी करून पाहिली, तर पाठीमागे रेशमाचे धागे सैल सुटलेले होते आणि सूत कुठे, रेशीम कुठे, हे डोळे मिटूनही बोटांना कळत होते.