केमोचं पंचांग

श्रोतेहो, नमस्कार.

दाते पंचांग ज्या गावातून निघतं, त्या आपल्या सोलापुरात तिथी बघून कार्य काढायची सवय घरोघरी आहे. तीच सवय आज कॅन्सरवरच्या केमोथेरपीच्या कामी लावू या. बऱ्याच केमोंचं चक्र, म्हणजे एका केमोपासून पुढच्या केमोपर्यंतचा काळ, २१ दिवसांचं असतं. काहींचं १४ दिवसांचं, काहींचं आठवड्याचं. आपलं कितीचं ते डॉक्टरांना विचारा, सलाइन लावलं त्या तारखेला कॅलेंडरवर १ लिहा आणि पुढचे आकडे टाकत जा. पेन्सिलनं लिहा. देवधर्म, थट्टामस्करी, पैपाहुणे, सगळं या आकड्यांकडे बघून ठरवायचं.

पहिले तीन-चार दिवस मळमळीचे. उलटीची गोळी लिहून दिलेल्या वेळेलाच द्या. मळमळ उसळल्यावर दिलेली गोळी पोटात टिकत नाही. फोडणीच्या वासानं जीव नको होतो, म्हणून स्वयंपाक चालू असताना पेशंटला लांबच्या खोलीत बसवा. ताट भरून वाढू नका. दर दोन तासांनी वाटीभर, कोमट. पहिले ४८ तास औषधाचा अंश लघवीत आणि उलटीत उतरतो. संडासात दोनदा पाणी टाका, उलटी साफ करताना हातमोजे घाला. गरोदर सुनेला हे काम सांगू नका. मात्र कॅन्सर ताटातून, पांघरुणातून पसरत नाही. वेगळी थाळी मांडणाऱ्यांना हे ऐकवा.

सातव्या ते चौदाव्या दिवसांवर लाल वर्तुळ करा. बहुतेक केमोंमध्ये याच सुमारास पांढऱ्या पेशी तळाला जातात आणि साधा जंतूही भारी पडतो. थर्मामीटर उशाशी ठेवा. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन करून निघायचं. "आधी तापाची गोळी देऊ, सकाळी बघू" इथेच घात होतो. गोळीनं ताप झाकतो, जंतू वाढतच राहतो.

तोंड याच दिवसांत येतं. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भरा. पाणी रोज नवीन. कडक भाकरीच्या कडा तोंडातल्या फोडांना लागतात, ती वरणात मऊ होऊ द्या. शेंगाचटणी तेवढे दिवस बंद. तिखट न घालता शेंगांचा कूट आमटीत घाला, अंगात प्रथिनं जातात. फोड गेल्यावर तोंडाची चव मात्र तीच चटणी परत आणते!

आता देवधर्म, कारण खरी अडचण इथे होते आणि डॉक्टरांना ती कुणी विचारत नाही. संक्रांतीची गड्डा यात्रा किंवा आषाढीची गर्दी लाल वर्तुळात आली, तर लांबून कळसाला हात जोडा. वारकऱ्यांना कळसाचं दर्शनही पुरतं. चंद्रभागेचं तीर्थ देव्हाऱ्यात ठेवा, प्यायला देऊ नका. पंचामृतात कच्चं दूध असतं, तेही नको. गरम शिरा, खिचडी असा शिजवलेला प्रसाद चालतो. अंगारा कपाळाला लावा, पोटात नको. एकादशीला काही गोळ्या रिकाम्या पोटी जातात आणि जळजळ होते, म्हणून उपास धरण्याआधी विचारा. गुळवेलीनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा कुठलाही काढा डॉक्टरांपासून लपवू नका. रेडिएशन चालू असेल तर त्या जागी हळद-तेल लावायचं नाही आणि कातडीवरच्या खुणा घासून काढायच्या नाहीत.

नामजपाचा खरा उपयोग सलाइन चालू असताना होतो. तास-तास थेंब पडत असतात. हातात माळ असली की डोळे बाटलीवरून उतरतात. "मागल्या जन्मीचं पाप" म्हणणारा नातलग मात्र दारातूनच परत पाठवावा. त्याला चहासुद्धा नको.

विनोदाला एकच नियम: पहिला विनोद पेशंटनं करायचा. ज्या औषधांनी केस जातात, त्यांत ते पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांनी गळतात. दहाव्या दिवसाच्या आसपास बारीक कापून घेतले, तर उशीवर पुंजके दिसत नाहीत. टकलावर त्यानं स्वतः कोटी केली, की मग घरानं खुशाल हसावं. पोटाचं ऑपरेशन झालं असेल तर हसताना, खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरा. हसून गाठ विरघळत नाही, पण हसता हसता चार घास जास्त जातात.

घरच्यांनी कामं वाटून घ्यावीत. एकानं वही सांभाळायची: ताप, उलट्या, जेवण, शौच, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. एकानं फोन घ्यायचे, म्हणजे "कसं वाटतंय?"चं उत्तर पेशंटला दिवसातून तीसदा द्यावं लागत नाही. भेटायला एका वेळी दोघंच, सर्दीवाल्यांनी फोनवरूनच. रात्री जागणारा दर तिसऱ्या दिवशी बदला. झोपमोड झालेला माणूस गोळी चुकवतो.

उपचारासाठी मुंबईला जायचं असेल, तर हॉस्पिटलमधून रेल्वे सवलतीचा फॉर्म भरून घ्या. कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री-टियर एसीत पूर्ण सूट मिळते, सोबत्याला ७५ टक्के.

चक्र २१ दिवसांचं असेल, तर विसाव्या दिवशी रक्त तपासा. पेशी भरल्या नसतील, तर डॉक्टर पुढची केमो काही दिवस लांबवतात. घाबरू नका, हे बऱ्याच जणांचं होतं. आकडे खोडा आणि पुन्हा १ पासून लिहा. पेन्सिल त्यासाठीच सांगितली होती.