शंभर वॅटचा आवाज

[पहाट. टॉवरच्या टोकाला लाल दिवा. दूरवर कोंबडा, जवळ पंख्याची घरघर.]

शंभर वॅट म्हणजे किती? पूर्वी माजघरात पिवळा बल्ब लटकत असायचा, तेवढे. या टॉवरवरच्या अँटेनातून तेवढीच शक्ती बाहेर पडते आणि तिच्यावर आजूबाजूच्या गावांतला रेडिओ चालतो.

२८ एप्रिल २०२३ रोजी देशात असे ९१ एफएम ट्रान्समीटर एकाच दिवशी सुरू झाले. १८ राज्यं, २ केंद्रशासित प्रदेश, ८४ जिल्हे. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरी आणि सिरोंचाची नावं त्या यादीत होती. सिरोंचा म्हणजे प्राणहिता गोदावरीला मिळते ते टोक. नदीपलीकडे तेलंगण, अलीकडेही निम्मं बोलणं तेलुगूत. जुलै २०२२च्या पुरात या तालुक्यातली गावं रिकामी करावी लागली होती. अशा रात्री सगळ्यात आधी वीज जाते, मग मोबाइलला रेंज राहत नाही. उरतो सेलवर चालणारा रेडिओ. अर्थात, तिकडून कुणी बोलत असेल तर.

[नकाशा. एक छोटं वर्तुळ.]

या ९१ ट्रान्समीटरमुळे मिळून सुमारे ३५,००० चौरस किलोमीटर भाग नव्याने रेडिओच्या टप्प्यात येईल, असं तेव्हा सरकारने सांगितलं होतं. भागून पाहा. एकेकाच्या वाट्याला साधारण ११ किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ येतं. एफएमची लहर सरळ रेषेत जाते. टेकडी आली की मागे सावली, दाट जंगल आलं की आवाज विरतो. जुन्या मीडियम वेव्हचं, म्हणजे एफएमच्या आधीच्या लांब पल्ल्याच्या रेडिओचं, तसं नव्हतं. नागपूरचं आकाशवाणी केंद्र १९४८ सालचं. त्याची ५८५ किलोहर्ट्झची लहर जमिनीला धरून लांबवर जायची. खरखरत का होईना, पण जायची. मात्र त्यासाठी उंच मनोरा लागतो, जमिनीखाली तांब्याच्या तारांचं जाळं लागतं आणि विजेचं बिल भरणारं कुणीतरी लागतं.

[केंद्राची खोली. भिंतीवर ओल. कपाटाएवढा रॅक, त्यात ट्रान्समीटर, हिरवे दिवे.]

विदर्भातलंच हे असं एक केंद्र. नाव सांगत नाही. सगळी थोडीफार सारखीच. बऱ्याच ठिकाणी पूर्वी दूरदर्शनचा छोटा ट्रान्समीटर होता, तोच टॉवर आता रेडिओच्या कामी आला आहे. इथे निवेदक नाही, स्टुडिओ नाही. कार्यक्रम ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहाकडून गच्चीवरच्या छत्रीत उतरतो आणि टॉवरवरून गावात जातो. वर्षातून दोनदा, मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर, दुपारच्या आगेमागे सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागे येतो. मग काही मिनिटं छत्रीला सूर्याच्या गोंगाटाशिवाय काही ऐकू येत नाही. यावर इलाज नाही. सूर्य सरकेपर्यंत थांबायचं.

बाकी सगळ्यावर इलाज असतो, आणि तो बहुतेक वेळा हातानेच करावा लागतो. अर्थिंगच्या, म्हणजे जादा वीज जमिनीत उतरवणाऱ्या, खड्ड्यात मीठ-कोळसा भरलेला असतो. उन्हाळ्यात जमीन भेगाळली की त्यात बादलीभर पाणी ओतायचं, नाहीतर पहिल्याच वळवाची वीज रॅकमध्ये उतरते. पॅनेलची भोकं बुजवायची, कारण उबेला पाल येऊन बसते आणि वीज वाहणाऱ्या दोन पट्ट्यांना एकदम चिकटली की पालही जाते आणि फ्यूजही.

[पाऊस. तंत्रज्ञाचा फोन वाजतो.]

"भाऊ, रेडिओ खरखर करून राहिला सकाळपासून." रस्त्यावरच्या पानठेल्यावरून फोन आहे. केंद्राकडे श्रोत्यांचं मोजमाप म्हणाल तर हा एक माणूस.

ट्रान्समीटरच्या पडद्यावर दोन आकडे असतात. वर जाणारी शक्ती, आणि अँटेनाने न घेता परत पाठवलेली शक्ती. दुसरा आकडा एक-दोन वॅटच्या आत हवा. आज तो वाढला आहे, आणि स्वतःला जपायला ट्रान्समीटरने वर जाणारी शक्ती निम्म्याहून कमी केली आहे. यंत्र बिघडलेलं नाही. ते घाबरलं आहे, असं तंत्रज्ञ म्हणतात.

ट्रान्समीटर बंद होतो. कमरेला पट्टा बांधून एक पोरगा टॉवरवर चढतो. केबल अँटेनाला जोडते तिथला पितळी कनेक्टर फिरवून उघडतो, आणि आतून पाणी येतं. किती? दोन थेंब. त्याच्या तळहातावर मावतील एवढे. आतली तांब्याची तार हिरवट पडली आहे. वीतभर केबल कापायची, नवा कनेक्टर बसवायचा, वर रबरी टेप ताणून-ताणून गुंडाळायची, खालून वर, म्हणजे पाणी पडलं तर पदरांवरून घसरून जाईल. कौलं घालताना आपण जे करतो तेच.

आणि केबलला खाली एक झोळ द्यायचा. पाणी केबलवरून ओघळत येतं, झोळाच्या तळाशी टपकतं, खोलीत शिरत नाही. हा झोळ कुणीतरी मागच्या वर्षी ताणून सरळ केला होता. दिसायला नीट दिसावं म्हणून.

[रॅकचा पडदा. आकडे बदलतात.]

वर शंभर. परत एक.

उद्घाटनाच्या दिवशी पाहुणे याच खोलीत दाटीवाटीने उभे होते. आज आहेत तंत्रज्ञ, ओला झालेला पोरगा आणि पंखा. ठेलेवाल्याला फोन लागतो. तो काही बोलत नाही, मोबाइल नुसता रेडिओजवळ धरतो. आपल्याच केंद्राचा आवाज तंत्रज्ञ दुसऱ्याच्या फोनमधून ऐकतात. बासरी चालू आहे.

"आता मस्त येऊन राहिला," ठेलेवाला म्हणतो. "पण माह्या सासरवाडीले नाही लागत. नाल्याच्या पल्याड."

"तिथवर जातच नाही ते, भाऊ."

"मंग कवा जाईन?"

तंत्रज्ञ टेपचं रिळ खिशात घालतात. "त्याले दुसरा टॉवर पाहिजे."