सिग्नलला थांबलं की गाणं किंचाळतं? टूरिंग बाईकचा स्पीड-व्हॉल्यूम असा लावा

नमस्कार मंडळी! हायवेवर शंभरच्या वेगात चाललोय, गाणं छान ऐकू येतंय. पुढे सिग्नल लाल होतो, गाडी थांबते आणि तेच गाणं चौकातल्या सगळ्यांना ऐकू जायला लागतं. मग घाईघाईत बटण दाबून आवाज कमी करायचा, सिग्नल सुटला की परत वाढवायचा. दिवसभर हेच. वेगाप्रमाणे आवाज आपोआप कमी-जास्त करून हे टाळायची सोय बहुतेक मोठ्या टूरिंग बाईकमध्ये आधीपासून असते, फक्त ती नीट लावलेली नसते.

गोल्ड विंग घ्या, हार्ले घ्या, बीएमडब्ल्यू किंवा इंडियनची टूरर घ्या. मेनूत नाव बदलतं, कुठे ऑटो व्हॉल्यूम, कुठे स्पीड व्हॉल्यूम. पर्याय साधारण बंद, लो, मीडियम, हाय असे असतात, किंवा आकडे असतात.

[स्क्रीनवर मेनूचा क्लोज-अप]

आता इथे जरा थांबा, कारण बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. हे सेटिंग आवाज किती मोठा असावा ते ठरवत नाही. वेग वाढला की आवाजानं किती चढायचं, एवढंच ते ठरवतं. चढ सुरू कुठून होणार, ते तुमच्या नेहमीच्या व्हॉल्यूमवर अवलंबून. त्याला आपण बेस म्हणू.

म्हणजे शंभरच्या वेगात नीट ऐकू येत नाही म्हणून तुम्ही प्लसचं बटण दाबलंत, तर तुम्ही बेसच वर उचललात. शंभरला बरं वाटेल, पण थांबल्यावर ठणाणा होणारच! तुमचा खरा प्रश्न चढ कमी पडतोय हा होता. तेव्हा सेटिंग एक पायरी वर न्या आणि बेस खाली आणा. आणि गावात ठीक, हायवेवर मात्र कान किटतात, असं असेल तर चढ एक पायरी कमी करा.

लावायचं कसं? गाडी उभी असताना. ब्लूटूथवर फोन जोडला असेल तर आधी फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण वाढवा. फोनकडूनच आवाज कमी आला तर गाडीचा बेस उगाच वर ठेवावा लागतो आणि पुढे चढायला जागाच उरत नाही. मग गाणं नको, कुणीतरी एकसारखं बोलतंय असं काहीतरी लावा, पॉडकास्ट उत्तम. गाण्यात कडवं हळू असतं, कोरस मोठा असतो, त्यामुळे आवाज गाडीनं वाढवला की गाण्यानं, हे कळत नाही. हेल्मेट घाला, इंजिन चालू ठेवा, बोलणं आरामात कळेल इतपत बेस ठेवा, सेटिंग मीडियमवर. आता निघा. चाळीस, ऐंशी, शंभर, आणि परत हळू. व्हॉल्यूमच्या बटणाला हात लावायचा नाही! शब्द पकडायला कान ताणावे लागतायत का, एवढंच बघा. बदल करायचा तर गाडी बाजूला घेऊन, एका वेळी एकच पायरी.

तरीही दर वेळी अगदी तंतोतंत जमणार नाही, आणि ते का हे समजून घ्या. वाऱ्याच्या आवाजाची ताकद वेगाच्या साधारण पाचव्या-सहाव्या घाताने वाढते. वेग दुप्पट झाला की आवाज १५ ते १८ डेसिबलनं वर. आणि गाडी वारा ऐकत नसते, तिला फक्त स्वतःचा वेग कळतो. समोरून ३० च्या वेगानं वारा येत असेल, तर ८० ला तुमच्या कानाशी ११० चा गोंगाट असतो, गाडी मात्र ८० चाच हिशोब करते. विंडस्क्रीनचंही तसंच. काच थोडी वर-खाली केली की वाऱ्याचा झोत हेल्मेटवर कुठे आदळतो ते बदलतं आणि त्याच वेगात आवाज वेगळा येतो. म्हणून आधी काच जागेवर आणा, मग ऑडिओला हात घाला.

दुसरी अडचण ॲम्पची, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या ॲम्प्लिफायरची. आवाज ३ डेसिबल वाढवायला दुप्पट वॅट लागतात, १० डेसिबलला दहापट. समजा गावात २ वॅट पुरतायत. १० डेसिबल वर जायला २० वॅट, १५ डेसिबलला ६३ वॅट! ॲम्प २५ वॅटचा असेल तर तो तिथे फाटणार, आवाज चिरका होणार. अशा वेळी बास, म्हणजे खालचे सूर, कमी करा. सगळ्यात जास्त ताकद बासच खातो, आणि वाऱ्याचा गोंगाटही खालच्याच सुरातला असल्यामुळे तो बास गिळून टाकतो. १ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा थोडा उचला, शब्द स्पष्ट कळतात ते मुख्यतः तिथे.

हेल्मेटमध्ये इंटरकॉम (बोलायचा-ऐकायचा हेडसेट) असेल आणि तोही गोंगाट ऐकून आपला आवाज बदलत असेल, तर दोन्हीपैकी एकच ऑटो चालू ठेवा. नाहीतर एकाच बदलावर दोघंही आवाज वाढवतात.

आता कानांचं, आणि हे कृपया मनावर घ्या. अमेरिकेची नायोश (NIOSH) ही कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी सरकारी संस्था ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही मर्यादा सांगते. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. शंभरच्या वेगात हेल्मेटच्या आत नुसता वाराच ९५ च्या आसपास किंवा त्याहून वर जाऊ शकतो. त्यावर गाणं चढवायचं म्हणजे कानावर आणखी भार. सेटिंग हायवर नेऊनही पुरत नसेल तर मोठे स्पीकर शोधू नका, इयरप्लग वापरा, गाडी चालवताना ते चालतात का हा तुमच्याकडचा नियम तेवढा तपासून. वारा आणि गाणं दोन्ही कमी होतात, पण कानावरचा ताण उतरल्यामुळे शब्द बरेचदा जास्त स्पष्ट कळतात. साधे फोमचे प्लग वरचे सूर जास्त अडवतात, तेव्हा ट्रेबल थोडं वाढवा. आणि बेस, चढ, सगळी चाचणी प्लग घालूनच करा, कारण उघड्या कानानं लावलेलं सेटिंग प्लग घातल्यावर लागू पडत नाही.